कानसेनांचा छंद

छंद म्हटला की पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी, दुर्मिळ ग्रंथ असे डोळ्यांना सुखविणारे संग्रह प्रथम आठवतात. कानासाठी केलेला संग्रह सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. कारण तो भिंतीवर मांडता येत नाही, की पाहुण्यापुढे क्षणात उलगडून ठेवता येत नाही. उंची हेडफोन जमवावयाचे आणि ते एकमेकांशी ताडून पाहावयाचे, हा कानाच्या छंदांपैकी अगदी अलीकडचा छंद होय. एकच ध्वनिमुद्रिका चार-पाच निरनिराळ्या हेडफोनांतून पुनःपुन्हा ऐकावयाची. कोणत्यात डग्गा अधिक घुमतो, कोणत्यात गायकाचा श्वास ऐकू येतो, कोणत्यात तंबोरा मागे पडतो, याची बारकाईने टिपणे ठेवावयाची, असे त्याचे स्वरूप असते. बाहेरच्या माणसाला हा श्रीमंतीचा चोचला वाटतो, आणि काही हेडफोनांच्या किमती पाहिल्या म्हणजे तो आरोप सर्वस्वी खोटा आहे असेही म्हणवत नाही. परंतु या छंदामागे सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासातून एक प्रश्न सतत डोकावत आलेला आहे : यंत्रे वाढली म्हणजे कान वाढतो काय?

या प्रश्नाचा विचार रायपूरसारख्या शहराच्या बाजूने करणे उद्बोधक ठरते. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यविस्ताराबरोबर अठराव्या शतकात मराठी माणसे छत्तीसगडात आली; पुढे रेल्वे, कचेऱ्या आणि शाळा यांच्या निमित्ताने आणखी आली आणि तेथेच स्थायिक झाली. रायपूरचे महाराष्ट्र मंडळ १९३५ पासूनचे आहे. या कुटुंबांनी आपली भाषा जपली, गणेशोत्सव जपला, नाट्यगीतेही जपली. पण मुंबई लोहमार्गाने सुमारे अकराशे किलोमीटर दूर राहिली. गिरगावातील किंवा पुण्यातील रसिक संध्याकाळी सहज उठून मैफलीला जाई. तशी सोय येथे नव्हती. मूळ गाणे दूर आणि यंत्र मात्र जवळ, अशा ठिकाणी यंत्राच्या खरेखोटेपणाला वेगळेच महत्त्व येते. जे प्रत्यक्ष ऐकावयास मिळत नाही, ते यंत्राने किती प्रामाणिकपणे पोचविले, हा तेथे केवळ हौसेचा प्रश्न उरत नाही.

हेडफोनाचा जन्म मात्र संगीतासाठी झालेला नाही. १८७६ साली ग्रॅहॅम बेल यांचा टेलिफोन आला आणि त्याचा कानाला लावावयाचा भाग हाच हेडफोनाचा मूळपुरुष होय. तरीही अवघ्या पाच वर्षांत या भागाने संगीताशी सोयरीक जोडली. १८८१ साली पॅरिस येथे भरलेल्या विद्युत्-प्रदर्शनात क्लेमां आदेर या अभियंत्याने ऑपेरागृहाच्या रंगमंचावर डाव्या व उजव्या अंगांना ध्वनिग्राहक बसविले आणि तारांच्या द्वारे तेथील गायन प्रदर्शनाच्या दालनात आणून सोडले. श्रोत्याने दोन्ही कानांना एकेक ग्राहक लावला म्हणजे गायक रंगमंचावर कोणीकडून कोणीकडे गेला, हेही त्याला कळे. पुढे १८९० पासून पॅरिसमध्ये आणि १८९५ पासून लंडनमध्ये वर्गणी भरून घरबसल्या नाटक-संगीत ऐकण्याची सोय झाली. मार्सेल प्रूस्त हा थोर फ्रेंच कादंबरीकार या सेवेचा वर्गणीदार होता. प्रकृतीमुळे घराबाहेर पडणे ज्याला जड जाई, त्याच्या कानाशी ऑपेरागृह चालत आले.

दोन्ही कान झाकणारे, डोक्यावरील पट्टीने जोडलेले आजचे रूप नॅथॅनिअल बाल्डविन या अमेरिकन गृहस्थाच्या हातून सिद्ध झाले. यूटा राज्यातील आपल्या घराच्या स्वयंपाकघरात त्याने हे यंत्र बनविले आणि १९१० च्या सुमारास अमेरिकन आरमाराकडे पाठविले. आरमाराच्या तज्ज्ञांना ते प्रचलित ग्राहकांपेक्षा पुष्कळच तीक्ष्ण वाटले. पण मागणी गेली तेव्हा, स्वयंपाकघरात काम चालत असल्याने एका वेळी दहाच नग देता येतील, असे बाल्डविनने कळविले. हेडफोनांच्या इतिहासातील ही पहिली महत्त्वाची तुलना होय, आणि ती रसिकांनी केलेली नसून समुद्रावरील क्षीण संदेश टिपणाऱ्या तारायंत्र्यांनी केलेली आहे. जो आवाज दुसऱ्या यंत्रात ऐकूच येत नाही तो ज्यात ऐकू येईल ते यंत्र श्रेष्ठ, इतकी त्यांची कसोटी साधी होती.

मराठी मुलखात हेडफोन घरात आला तो नभोवाणीच्या हाताला धरून. ऑगस्ट १९२१ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया वृत्तपत्राने तारखात्याच्या साहाय्याने मुंबईहून संगीताचा एक खास कार्यक्रम प्रक्षेपित केला, आणि गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी तो पुण्यात बसून ऐकला. छत्तीसगडातील रेडिओश्रोत्यांच्या मंडळांनी पुढे २० ऑगस्ट हा ‘श्रोता दिन’ म्हणून पाळण्याचा प्रघात पाडला, तो याच प्रक्षेपणाची आठवण म्हणून. जून १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबाने हौशी प्रक्षेपण सुरू केले. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड अर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र उघडले गेले, आणि पुढच्याच महिन्यात कलकत्त्याचेही केंद्र सुरू झाले.

त्या काळचा सामान्य श्रोता वापरी ते यंत्र म्हणजे स्फटिक-संच. शिशाच्या धातुकाचा, म्हणजे गॅलिनाचा, एक लहानसा खडा आणि त्यावर हलकेच टेकविलेली बारीक तार, एवढाच त्याचा प्राण. रेडिओलहरी ओळखण्यासाठी गॅलिनाचा उपयोग करण्याचे एकस्व आचार्य जगदीशचंद्र बोस यांना अमेरिकेत १९०४ साली मिळाले होते, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. या संचाला ना बॅटरी लागे ना वीज. आकाशातून येणाऱ्या लहरींत जी अत्यल्प शक्ती असे, तिच्यावरच कानातील पातळ पडदा कंप पावे. एवढ्या क्षीण शक्तीने खोली भरून टाकणारा आवाज निघणे अशक्यच. म्हणून हेडफोन ही तेथे चैन नव्हती, नाइलाज होता. श्रोता खड्यावर तारेचे टोक इकडून तिकडे सरकवीत बसे. योग्य जागा सापडली की एकाएकी सारंगी कानात उभी राही, आणि कोणी टेबलाला धक्का दिला की नाहीशी होई.

एका संचावर एकालाच ऐकू येणे हे कुटुंबवत्सल घरांत कोणाला रुचणार? विलायतेत त्यावर लोकांनी एक घरगुती तोड काढली होती. हेडफोन एखाद्या मोठ्या वाडग्यात ठेवावयाचे. वाडग्याच्या घुमाऱ्याने आवाज थोडा मोठा होई आणि सारे कुटुंब टेबलाभोवती वाकून ऐके. यंत्र एकट्याचे, पण माणसाला ऐकावयाचे असते चौघांत, ही ओढाताण हेडफोनाच्या इतिहासात अगदी आरंभापासून आहे.

मुंबई केंद्राची शक्ती दीड किलोवॅट होती, आणि स्फटिक-संचावर ते सुमारे तीस मैलांच्या टापूतच नीट ऐकू येई. परवान्याची फी वर्षाला दहा रुपये होती. कंपनीच्या हयातीत परवाने आठ हजारांच्या आतच राहिले आणि १ मार्च १९३० रोजी तिने गाशा गुंडाळला. एप्रिलपासून सरकारने तो कारभार हाती घेतला, आणि १९३६ साली त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. रायपूर तीस मैलांच्या त्या वर्तुळाच्या कितीतरी पलीकडे होते. १९२३ साली रायपुरात जन्मलेले नाटककार हबीब तन्वीर १९४५ साली मुंबईच्या नभोवाणी केंद्रावर कामास लागले. परंतु खुद्द त्यांच्या जन्मगावाला स्वतःचे केंद्र मिळावयास १९६३ साल उजाडावे लागले. त्यापूर्वी १९४८ पासून नागपूर केंद्र होते, आणि लघुलहरींवर रेडिओ सिलोन होते. रायपूरनजीकचे भाटापारा हे गाव तर गीतांच्या फर्माइशी पाठविणाऱ्या श्रोत्यांमुळे देशभर ठाऊक झाले.

तोवर शून्यनलिकांचे संच आणि ध्वनिवर्धक आले होते. चहाच्या दुकानातला रेडिओ रस्त्यावरच्या साऱ्यांचा झाला, आणि हेडफोन स्टुडिओच्या काचेआड, टेलिफोनच्या कचेरीत व विमानात जाऊन बसला. तो तेथेच राहता तर छंदाचा विषय झाला नसता. पण ध्वनिमुद्रणकला सुधारत गेली तशी त्याच्यातही सुधारणा होत गेली. १९३७ साली बर्लिनच्या बायर या कारखान्याने चुंबकाच्या पोकळीत हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्यावर चालणारा हेडफोन काढला. आजचे बहुसंख्य हेडफोन याच तत्त्वाचे वंशज होत. १९५८ साली अमेरिकेतील मिल्वॉकी शहरी जॉन कॉस या वादकाने स्टिरिओ संगीत ऐकण्यासाठी खास हेडफोन मांडला. १९६० साली जपानच्या स्टॅक्स कंपनीने स्थितिक विद्युतेवर चालणारा प्रकार बाजारात आणला. त्यात वेटोळे नसते. दोन छिद्रयुक्त पत्र्यांमध्ये ताणलेला अतिशय पातळ पडदा विद्युत्-आकर्षणाने हलतो, आणि त्यामुळे स्वराचे बारकावे विलक्षण स्पष्ट होतात. १९६८ साली जर्मनीच्या झेनहायझर कंपनीने कान बंद न करणारा, दोहों बाजूंनी हवा खेळू देणारा हलका हेडफोन काढला. याच कंपनीने १९९१ साली ‘ऑर्फिअस’ या नावाचे सुमारे तीनशेच नग बनविले, आणि संग्राहकांच्या जगात त्यांना दुर्मिळ नाण्यांचे मोल आले.

दरम्यान १९७९ च्या जुलै महिन्यात जपानच्या सोनी कंपनीचा वॉकमन आला होता. त्याच्या पहिल्या नमुन्यात हेडफोनासाठी दोन भोके होती, कारण एकट्याने ऐकणे हे शेजारच्याचा उपमर्द करण्यासारखे आहे, असे कंपनीचे प्रमुख अकिओ मोरिता यांना वाटले होते. लोकांनी दुसरे भोक फारसे वापरले नाही, आणि पुढील नमुन्यांतून ते गेले. वाडग्याभोवती वाकणारे कुटुंब येथे अखेर उठून गेले.

आता तुलनेचा प्रश्न. दोन हेडफोन ताडून पाहणे वाटते तितके सोपे नाही. पहिली अडचण अशी की, दोहोंपैकी ज्याचा आवाज किंचितही मोठा असेल तोच कानाला सरस वाटतो. म्हणून मोठेपणा समान केल्यावाचून केलेली तुलना ही तुलनाच नव्हे. दुसरी अडचण स्मरणाची. स्वराचा पोत मनात फार थोडा वेळ टिकतो. पहिला हेडफोन उतरवून दुसरा चढवीपर्यंत त्यातला पुष्कळसा भाग निसटलेला असतो. तिसरी अडचण कानाच्या पाळीची. प्रत्येकाच्या कानाची घडण निराळी, आणि तिच्या वळणांवर आदळूनच उंच स्वर आत जातात. तेव्हा एकाचे मत दुसऱ्याला जसेच्या तसे लागू पडत नाही. चौथी अडचण सर्वांत मोठी, ती म्हणजे किमतीची. महाग वस्तू डोक्यावर आहे हे ठाऊक असले म्हणजे कान मनाच्या आज्ञेत वागू लागतो. २०१७ साली येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनांची मोजणी प्रसिद्ध केली. तीत उंच-नीच स्वर कोणत्या प्रमाणात उमटतात याचा आणि किमतीचा काही संबंध आढळला नाही. अमेरिकेत शॉन ऑलिव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ च्या सुमारापासून केलेल्या प्रयोगांत, हेडफोनाचे नाव व मोल श्रोत्यांपासून दडविले असता, चांगल्या खोलीत चांगल्या ध्वनिवर्धकातून जसे ऐकू येते तसे ऐकविणारा हेडफोन बहुतेकांना आवडतो, असे दिसून आले.

म्हणजे तुलनेला एखादे मूळ माप हवे. आणि ते यंत्रात नसते, यंत्राबाहेरच्या स्वरात असते. ही गोष्ट मराठी संगीताच्या इतिहासाला नवी नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. सरकारी नोकरीतून मोकळे झाल्यावर या गृहस्थांनी बावीस श्रुतींचा नाद धरला, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातील स्वर तारेच्या लांबीवर मोजले, आणि १९१० साली त्यावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. ई. क्लेमंट्स हे इंग्रज न्यायाधीशही त्याच नादाला लागले आणि श्रुतींची हार्मोनियम विलायतेत करवून घेतली. १९१६ साली बडोद्यास भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत या पेटीवर कडाक्याचा वाद झाला. गवयांच्या कानाने पेटीला मान्यता दिली नाही आणि ती रुजली नाही. निकाल काहीही लागो, न्याय कोणाकडे मागावयाचा याविषयी कोणाला शंका नव्हती. गळ्याने पेटी पारखली गेली. पेटीने गळा नव्हे.

हेडफोनाला लावावयाचा आपल्याकडील कस कोणता, असे विचारल्यास तंबोऱ्याकडे बोट दाखविता येईल. मिरजेचे कारागीर एकोणिसाव्या शतकापासून तंबोरे बनवीत आले आहेत, आणि २०२४ साली तेथील तंबोऱ्याला व सतारीला भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याचा आत्मा जवारीत असतो. घोडीचा माथा किंचित उतरता घासलेला असतो, आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकविलेला असतो. हा धागा केसभर इकडेतिकडे झाला की स्वर बोथट होतो किंवा कर्कश होतो. जवारी लागली की तो उमलतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली या चमत्काराचे शास्त्र मांडले. तार जेथे छेडावी तेथे ज्या उपस्वरांचा स्थिरबिंदू असतो, ते उपस्वर पाश्चात्य नियमाप्रमाणे उमटू नयेत. पण तंबोऱ्याच्या घोडीमुळे तेही उमटतात, असे त्यांनी दाखविले. याच उपस्वरांच्या समृद्धीतून खर्जाच्या तारेवर कोणीही न छेडलेला गंधार ऐकू येतो. त्याला गवई स्वयंभू गंधार म्हणतात. खर्ज सेकंदाला ७० आंदोलनांचा असेल तर हा गंधार ३५० आंदोलनांचा. म्हणजे खर्जाच्या बरोबर पाचपट. ज्या हेडफोनात खालचे स्वर खुलविण्यासाठी फुगविलेले असतात, त्यात खर्ज दणदणतो आणि हा गंधार त्याखाली दबून जातो. ज्यात चारही तारा वेगळ्या ऐकू येतात आणि त्यांवर तरळणारा गंधार सापडतो, तो हेडफोन खरे बोलतो असे समजण्यास हरकत नाही. मात्र हा निवाडा करावयास एकदा तरी प्रत्यक्ष तंबोऱ्याशेजारी बसलेले असावे लागते.

येथे संग्रहाच्या दोन वाटा वेगळ्या होतात. एक संग्रह साधनांचा, दुसरा स्वरांचा. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने दुसरी वाट धरली. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजान यांच्या गायनाचे मुद्रण झाल्यापासून निघालेल्या जुन्या तबकड्या शोधणे, जपणे व त्यांची माहिती प्रसिद्ध करणे हे तिचे काम. अशा तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत अब्दुल करीम खाँसाहेबांचे जे गाणे उरले आहे, त्यात खरखर पुष्कळ असते. उत्तम हेडफोन ती खरखर लपवीत नाही, उलट अधिक स्पष्ट करतो. पण त्या खरखरीमागचा स्वर किती स्थिर लागला आहे, हेही तोच सांगतो. केसरबाई केरकर यांचे असेच एक छोटे मुद्रण १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अंतराळात गेले. साधनांच्या संग्राहकाला स्वरांच्या संग्राहकाची गरज असते ती यासाठी. हेडफोनाच्या कानगाद्यांचा फोम काही वर्षांत भुगा होतो, तारा तुटतात, नवा नमुना आला की जुना बाजूस पडतो. मुद्रित झालेला स्वर मात्र, कोणी जपला तर, पुढल्या पिढीलाही नवा असतो.

एक धोका मात्र गंभीरपणे सांगितला पाहिजे. पडदा कानापासून बोटभर अंतरावर असल्याने आवाज हळूहळू वाढविला जातो आणि ऐकणाऱ्याला त्याची जाणीवही होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून चाळीस तासांपर्यंत सुरक्षित असतो. तोच ९० डेसिबल झाला की ही मर्यादा चार तासांवर येते. आतील कानातील सूक्ष्म रोमपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि सामान्यतः प्रथम जातात ते उंच स्वर. म्हणजे ज्या बारकाव्यांसाठी हा सारा खटाटोप, नेमके तेच. संग्राहकाच्या कपाटातील प्रत्येक हेडफोन बदलून मिळू शकतो; ज्या कानाने तो निवडला तो कान मिळत नाही.

रायपूरपासून फार दूर नसलेल्या खैरागढ येथे १९५६ साली इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय स्थापन झाले, आणि दुसऱ्याच वर्षी मुंबईचे पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर त्याचे कुलगुरू होऊन आले. छत्तीसगडात गाणे केवळ यंत्रातून येत राहिले नाही, तंबोराही आला. हेडफोनाच्या छंदात पडलेल्या तरुणाने नवा नमुना मागविण्यापूर्वी अशा एखाद्या तंबोऱ्याजवळ, एखाद्या गवयासमोर, चार माणसांत बसून यावे. परत आल्यावर त्याने डोळे मिटून, आवाज बेताचा ठेवून, तेच संगीत हेडफोनातून ऐकावे. तानसेन होणे सर्वांच्या नशिबी नसते, परंतु कानसेन होण्याची वाट सर्वांना मोकळी आहे. आणि त्या वाटेवर चांगला हेडफोन सोबती म्हणून फार उपयोगी पडतो. वाट दाखविणारा मात्र प्रत्यक्ष कानांवर पडलेला स्वरच होय.